पुरवठ्याचे साहेब

खोल्या बघायला ते आले तेव्हा बाबांनी आधी भाडं सांगितलं आणि मग खातं विचारलं. उलटं केलं असतं तर पुढचा घोळ झाला नसता.

"पुरवठा," ते म्हणाले. "अलोऱ्याहून बदलून आलोय."

बाबांनी घसा साफ केला. "तसं भाड्याचं काय हो साहेब. घरच्यासारखं राहायचं. तुम्ही द्याल ते."

चाळिशीकडे झुकलेला, अंगाने किरकोळ, बोलण्यावरून देशावरचा वाटणारा तो माणूस आमच्या पडवीत खांबाला हात लावून उभा होता. त्याने बाबांकडे नीट बघितलं. "आत्ताच तर आकडा सांगितलात, काका. लगेच कमी कसा झाला?"

बाबा हसले, पण त्यांना ते आवडलं नाही. साहेब निघून गेले. नंतर कळलं की ते आळीत चार घरी जाऊन अशा खोल्यांचं भाडं काय चालतं ते विचारून आले होते. दुसऱ्या दिवशी येऊन त्यांनी तेवढंच भाडं ठरवलं, आणि दर महिन्याला पावती मागायला लागले.

"हा माणूस खोल आहे," बाबा आईला म्हणाले.

बाबांची सारी उमर बोटीवर गेली होती, इंजिनरूममध्ये. जगातल्या कुठल्या कुठल्या बंदरांत ते उतरले होते आणि प्रत्येक बंदरातल्या कस्टमवाल्याला कुणी बाटली, कुणी सिगारेटचा कार्टन देताना त्यांनी बघितलं होतं. त्यामुळे सरकारी माणसाबद्दलचं त्यांचं मत पक्कं होतं. घेणारा माणूस त्यांना कळायचा, त्याच्याशी कसं बोलायचं ते त्यांना यायचं. न घेणारा भेटला की ते सावध व्हायचे. तो जास्त मागणार, असं त्यांना वाटायचं.

आणि आम्हाला त्या वर्षी पुरवठा खात्याची गरज होती. माझा भाऊ मुंबईला नोकरीला होता, त्याचं लग्न वैशाखात करायचं ठरत होतं. त्यासाठी घराच्या मागच्या अंगाला दोन खोल्या काढायला घेतल्या होत्या. चिऱ्याच्या भिंती लिंटलपर्यंत येऊन थांबल्या होत्या, कारण सिमेंट नव्हतं. त्या वर्षांत सिमेंट परमिटवर मिळायचं, हे आज पोरांना सांगितलं तर त्यांना खरं वाटत नाही. कचेरीत अर्ज करायचा, कशासाठी हवं ते लिहायचं आणि मग खेटे घालायचे. ज्यांना धीर नसायचा ते कंत्राटदारांकडून काळ्या बाजाराने घ्यायचे. बाबांचा अर्ज पावसाळ्याच्या आधीपासून पडून होता. अशात पुरवठ्याचा साहेबच आमच्या पुढच्या खोल्यांत राहायला आला. आळीतल्या लोकांनी बाबांचं अभिनंदन करायचंच बाकी ठेवलं होतं.

बाबांनी पहिले काही दिवस विषय काढला नाही. मग एका सकाळी साहेब कचेरीला निघाले असताना त्यांना मागच्या अंगाला नेलं. "बघा आमचा ताजमहाल. सिमेंटवाचून अडलाय."

साहेबांनी भिंतींवरून हात फिरवला. "अर्ज केलाय का?"

"केलाय तर. तुमच्याच कचेरीत आहे."

साहेबांनी भिंतीवरचा हात काढून घेतला. "बरं," म्हणाले आणि निघून गेले. मी तेव्हा प्राथमिक शाळेत नुकती शिक्षिका म्हणून लागले होते, शाळेला जायला निघाले होते. त्यांचा चेहरा मी बघितला. अडचणीत पडलेल्या माणसासारखा होता. पण तेव्हा मला तो लबाडाचा वाटला.

आठवड्याभराने बाबा कचेरीत गेले तर कारकुनाने सांगितलं की तुमचा अर्ज आता या साहेबांकडे नाही, दुसऱ्यांकडे गेलाय, आणि ते रजेवर आहेत.

बाबा घरी येऊन पडवीत बसले. "स्वतःच्या हातातला अर्ज दुसऱ्याकडे ढकललान. म्हणजे कळलं का? थेट मागायला लाज वाटते. दुसऱ्याच्या तोंडून मागणार."

"मागितलं तर नाय ना अजून कोणी?" आई म्हणाली.

"मागतील."

तेव्हापासून आमच्या घरात साहेबांवर पहारा सुरू झाला. कोणी ठरवलं नव्हतं, पण आई स्वयंपाकघराच्या खिडकीतून, बाबा पडवीतून आणि मी शाळेतून येताजाता त्या दोन खोल्यांकडे बघायला लागलो. एक कोळीण पाटीभर सरंगे घेऊन आली, कोणीतरी साहेबांकडे पाठवले म्हणाली. साहेबांच्या बायकोने दारातूनच परत पाठवले. आई म्हणाली, "आम्ही बघतोय म्हणून परत केलान." कचेरीची जीप त्यांना सोडायला यायची ती कोपऱ्यावरच थांबायची, तिथून ते चालत यायचे. बाबा म्हणाले, जीपमधून काय उतरतं ते आपल्याला दिसू नये म्हणून. त्यांच्या बायकोला ताप आला तेव्हा ती एसटीने सरकारी दवाखान्यात गेली, जीप कोपऱ्यावर उभी असताना. याचा अर्थ मात्र आम्हाला कोणालाच लावता आला नाही, म्हणून त्याबद्दल आम्ही बोललोच नाही.

मग एक दिवस हातगाडीवरून त्यांच्याकडे शिलाई मशीन आलं. नवं, काळं चकचकीत, त्यावर सोनेरी वेलबुट्टी. बाबांनी आईला हाक मारून बोलावलं. "आली बघ गंगा घरी." त्या दिवशी ते जेवताना खुशीत होते. आपल्याला वाटलं तसंच जग आहे, हे दिसलं की माणसाला किती हलकं वाटतं, ते मी त्या दिवशी त्यांच्या चेहऱ्यावर बघितलं. मलाही तसंच वाटलं होतं.

शिमग्याच्या सुमारास एका दुपारी आमच्या दारात ट्रक थांबला. शनिवार असल्याने माझी शाळा सकाळची होती, मी घरी होते. मागे सिमेंटच्या गोणी रचलेल्या. ट्रकबरोबर आलेला मुकादम बाबांना म्हणाला, "कुठे उतरवायच्या?"

"कसल्या?"

"मिरजोळ्याला कारखान्याच्या शेडी बांधतायत ना, त्या शेटनी पाठवल्यात. साहेबांच्या घरचं काम अडलंय म्हणून कळलं."

"हे साहेबांचं घर नाय. माझं आहे."

"तेच ते," मुकादम म्हणाला.

बाबांनी एक क्षण विचार केला. आई आतून बाहेर आली होती. "कोणी मागवलंत?" तिने विचारलं.

"कोणी का मागवेना," बाबा म्हणाले. "इतके महिने मी खेटे घालतोय, तेव्हा कोणी विचारलान नाय." आणि त्यांनी मागच्या अर्धवट खोलीकडे बोट दाखवलं. गडी गोणी पाठीवर घेऊन आत नेऊ लागले. आमच्या पायवाटेवर सिमेंटची राखाडी रेघ पडली. आई आत गेली आणि तिने साहेबांच्या बायकोशी नजरानजर होऊ नये म्हणून खिडकी लोटून घेतली.

साहेब संध्याकाळी आले ते कोपऱ्यावरून चालत. पायवाटेवरची रेघ त्यांना दिसली असावी, कारण ते आपल्या दाराकडे न वळता सरळ मागे गेले. बाबा तिथेच उभे होते. मी विहिरीवर होते, मला सगळं ऐकू येत होतं.

"काका, हे कुठून आलं?"

"मिरजोळ्याच्या कंत्राटदाराने पाठवलान. तुमच्या ओळखीचा आहे म्हणे."

"तुम्ही मागवलं होतंत?"

"नाय. पण आलेलं परत का पाठवू? माझा अर्ज तुमच्या कचेरीत धूळ खातोय."

साहेब खाली वाकले, एका गोणीवर हात ठेवला आणि पुन्हा सरळ झाले. "त्याचा अर्ज माझ्या टेबलावर आहे. त्याला काम आहे त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त सिमेंट तो मागतोय. वरचं कुठे जाणार ते तुम्हालाही माहीत आहे. मी सोमवारी नाही म्हणणार आहे. म्हणून हे आज आलं."

"मग म्हणा की नाय. गोणींचा काय संबंध?"

"गोणी मी राहतो त्या घरात आहेत."

"माझ्या घरात आहेत."

"हा फरक बाहेरच्या माणसाला कोण समजावणार, काका? आत्ताच्या आत्ता परत पाठवा. मी ट्रक आणवतो."

बाबांचा आवाज चढला. "तुम्हाला इतकी भीती कसली वाटते? आधी काही घेतलेलं असल्याशिवाय माणूस असा घाबरत नाय."

मी पोहरा तसाच हातात धरून उभी राहिले. मला वाटलं आता भांडण होणार. पण साहेब शांतपणे म्हणाले, "तुम्हाला तसं वाटत असेल तर तेही सांगा. मी हे कचेरीत कळवणार. विचारायला माणसं येतील, त्यांना सांगा." आणि ते आपल्या खोलीकडे गेले.

बाबा हसले. स्वतःच्या बिऱ्हाडात सापडलेला माल कुठला अधिकारी स्वतःहून कळवेल? "धमकी देतोय. सोमवारपर्यंत गप्प बसेल बघ."

पण रविवारी सकाळी माणसं आली. दुसऱ्या खात्यातले एक वयस्कर अधिकारी, त्यांच्याबरोबर पुरवठ्याचा कारकून आणि आमच्याच आळीतले दोघे पंच म्हणून. पंचनामा होणार होता. आळी जमली. कुंपणाबाहेर बायका, गडग्यावर चढून पोरं. त्या वयस्कर अधिकाऱ्यांनी गोणी बघितल्या, मोजायला लावल्या आणि पडवीत खुर्ची टाकून बसले.

आमचे साहेब खुर्चीवर बसले नाहीत. ते पायरीवर बसले, पोलिसांनी आणून बसवलेल्या माणसासारखे. आपल्याच कचेरीतल्या कारकुनासमोर. त्या अधिकाऱ्यांनी पहिले प्रश्न त्यांनाच विचारले. या कंत्राटदाराला तुम्ही कधी भेटलात, कुठे भेटलात, घरमालकाच्या बांधकामाबद्दल त्याच्याशी बोललात का. ते "हो", "नाही", "कचेरीत" अशी उत्तरं देत होते. त्यांची बायको दाराआड उभी होती. तिचा हात चौकटीवर दिसत होता, तेवढाच.

मग बाबांना विचारलं. "तुम्ही हे सिमेंट मागवलंत?"

"नाय."

"तुमच्या भाडेकरूंनी मागवलं?"

बाबा थांबले. त्यांच्या मनात काय चाललंय ते मला स्पष्ट दिसत होतं. "असेल" एवढा एक शब्द पुरेसा होता. "मला काय ठाऊक" म्हटलं असतं तरी पुरेसं होतं. साहेबांनी त्यांचा अर्ज ढकलला होता, घरच्या अंगणात आळीसमोर तमाशा मांडला होता. आणि आता तो माणूस पायरीवर बसून बाबांच्या तोंडाकडे बघतसुद्धा नव्हता. समोरच्या तुळशीकडे बघत होता.

"ट्रक आला तेव्हा ते घरात नव्हते," बाबा शेवटी म्हणाले. "आल्यावर परत पाठवा म्हणाले. मी नाय पाठवलं. मुकादमाला उतरवायला मी सांगितलं. साहेबांनी मागवलान असं मला कोणी सांगितलं नाय."

कारकुनाने लिहून घेतलं आणि वाचून दाखवलं. बाबांनी सही केली. दुपारी गोणी सरकारी गोदामाकडे गेल्या.

आळीत त्यानंतर बरेच दिवस हाच विषय होता. वाण्याच्या दुकानात लोक म्हणत, हिस्सा ठरला नसेल म्हणून केलान. कोणी म्हणे, बढती हवी असेल. कोणी म्हणे, दुसऱ्या कंत्राटदाराचा माणूस आहे, याचा काटा काढायचा होता. तो माणूस सरळ असेल, असं म्हणणारा मला एकही भेटला नाही, आणि मीही तसं कुठे म्हटलं नाही. कंत्राटदाराचं पुढे काय झालं ते आम्हाला नीट कळलं नाही. त्याला परमिट मिळालं नाही एवढं खरं. शेडी तरीही उभ्या राहिल्या.

साहेबांनी आमच्या खोल्या सोडल्या. भाडं चुकतं केलं, शेवटची पावती मागून घेतली. सामान बांधत होते तेव्हा मी त्यांच्या बायकोला मदत करायला गेले. खरं तर शिलाई मशीन जवळून बघायचं होतं.

"छान आहे हो. कुठून घेतलंत?" मी म्हटलं.

"माझ्या भावानं घेऊन दिलंय, ताई," ती म्हणाली. मग माझ्याकडे बघून हसली. "विचारलंत ते बरं केलंत. अलोऱ्याला कॉलनीत कोणी विचारायचंच नाही, बायका नुसत्या बघायच्या."

ती गोधडी घडी करत म्हणाली, "तुम्हाला तरी काय बोलणार? लग्न झालं तेव्हा मीसुद्धा यांचे खिसे बघायचे. आमच्या गावात तलाठ्याच्या घरी कोंबड्या काय, गूळ काय, सगळं यायचं. आमच्याकडे काहीच येईना. मला वाटायचं, यांनी दुसरीकडे कुठे बिऱ्हाड केलंय की काय, तिकडे जात असेल सगळं." आणि ती मोठ्याने हसली, तोंडावर पदर धरून. मग गोधडी पेटीत ठेवत म्हणाली, "दर गावात घर बदलावं लागतं. त्याचा कंटाळा येतो मात्र."

मी धीर करून विचारलं, "बाबांचा अर्ज त्यांनी दुसऱ्यांकडे का दिला?"

"तुमच्या घरात राहून तुमच्याच अर्जावर सही कशी करणार? त्यांनी वरच्यांना लिहून दिलं, हे काम दुसऱ्याकडे द्या म्हणून."

"मग तसं बाबांना सांगितलं का नाही? आम्ही इतके दिवस काय काय समजत होतो."

"मी म्हटलं होतं सांगा. पण हे म्हणतात, कामाबद्दल घरी एक शब्द बोलला की लोक त्यात दुसराच अर्थ शोधतात."

ते खोटं नव्हतं. बाबांनी नक्कीच शोधला असता. तरी मला तेव्हा राग आला होता आणि आज इतक्या वर्षांनीही वाटतं की त्यांनी सांगायला हवं होतं. सरकारी माणूस हात स्वच्छ ठेवतो तेवढ्याने आमचं भागत नाही. तो काय करतोय आणि का करतोय हे आम्हाला त्याच्याच तोंडून कळायला हवं. नाहीतर आम्ही आमच्या मनाने गोष्ट रचतो, आणि आमच्याकडे रचायला एकच गोष्ट असते. त्यांच्या सरळपणाची किंमत माझ्या भावाने भरली. अर्ज ज्यांच्याकडे गेला होता ते साहेब रजेवरून आले, मग निवडणुकीच्या कामाला गेले. वैशाखातलं लग्न पुढे ढकलावं लागलं. मुलीकडचे नाराज झाले. परमिट आलं ते दिवाळीच्या तोंडावर, रांगेतल्या इतरांसारखं, आणि तुळशीचं लग्न झाल्यावर माझ्या भावाचं झालं.

साहेबांच्या बायकोने सांगितलेलं सगळं मी बाबांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. पण त्यांच्या मनात दुसरंच होतं. "पंचनाम्यात मी सांगितलं ते त्याच्या बाजूचं पडलं. आणि माझ्यावर केस झाली नाय, ती त्याने शब्द टाकलान म्हणून. आता तो येईल."

"कशाला?"

"वसूल करायला. माणूस उपकार फुकट करत नाय."

ते वर्षभर वाट बघत होते. साहेब रस्त्यात भेटले की नमस्कार करायचे, "काका, खोल्या झाल्या का?" एवढं विचारायचे आणि पुढे जायचे. बाबा घरी येऊन सांगायचे, "आज खोल्यांचं विचारलान. आता पुढच्या वेळी मागेल." पुढच्या वेळीही त्यांनी काही मागितलं नाही. बाबा त्यामुळे सुखी झाले नाहीत, उलट बेचैन झाले. येणं असलेला माणूस दारात येऊन न बोलता परत जातोय, असं त्यांना होत असावं.

पुढच्या मे महिन्यात साहेबांची बदली झाल्याचं कळलं. बाबा दिवसभर परसात फेऱ्या घालत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी परसातल्या फणसावर स्वतः चढून त्यांनी एक मोठा कापा काढला, गोणपाटात गुंडाळला आणि मला म्हणाले, "चल माझ्याबरोबर."

साहेब तेव्हा नाचणे गावाकडे एका खोलीत राहत होते. सामान बांधून तयार होतं, कचेरीतला एक शिपाई पेटीला दोरी आवळत होता. बाबांनी फणस ओट्यावर ठेवला. साहेबांनी फणसाकडे बघितलं आणि मग बाबांकडे.

"काका, तुमचं माझ्या कचेरीत काही काम आहे?"

"नाय."

"अर्ज वगैरे काही? भावाचं, मेव्हण्याचं?"

"कोणाचं काय नाय. खोल्या झाल्या, पोराचं लग्न झालं. तुम्ही चाललात म्हणून आणला."

साहेबांनी घड्याळाकडे बघितलं, मग बायकोकडे. "एसटीत एवढा नेता येणार नाही," ते म्हणाले. आमचं तोंड उतरलेलं त्यांना दिसलं असावं. "इथेच कापू या."

त्यांची बायको हसली. विळी बांधलेल्या सामानात होती, ती पुन्हा सोडून काढली. बाबांनी फणस फोडला. शिपाईसुद्धा ओट्यावर येऊन बसला. साहेब गरे खाताना बोलत नव्हते. इतकी वर्षं रत्नागिरी जिल्ह्यात काढून या माणसाने कधी पोटभर फणस खाल्ला असेल की नाही, असं मला वाटून गेलं. आठळ्या त्यांच्या बायकोने धुऊन पदराच्या टोकाला बांधून घेतल्या, गाडीत कुठे भाजणार ते देव जाणे. निघताना साहेब बाबांच्या पाया पडायला वाकले. बाबांनी त्यांना अर्ध्यात धरलं.

परतताना बाबा रिकामं गोणपाट घडी करत चालले होते. मग म्हणाले, "घेतलान शेवटी."

"बाबा, तुम्हीच दिलात. आणि काम नाही ना हे विचारून घेतला त्यांनी."

"विचारलान. पण घेतलान ना?"

घरी आल्यावर त्यांनी आईलाही तेच सांगितलं. आई तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली. "बरं, घेतलान. मग आता तुम्ही त्याच्याकडे काय मागणार?"

बाबांनी विचार केला. खरोखर विचार केला, मला दिसत होतं. काहीतरी सापडेल म्हणून ते शोधत होते.

"काय नाय," ते म्हणाले.

आई पुन्हा तांदळाकडे वळली. बाबांनी आपल्या हातांकडे बघितलं. मग बोटांना लागलेला चीक काढायला त्यांनी आईकडे खोबरेल मागितलं.